ग्रंथपालाची पत्रे रद्दीत घालू नका

वारस दाखल्याच्या कामासाठी मध्यंतरी शिरोळ तालुक्यातला एक तरुण आमच्याकडे आला. आपल्याच समाजाचा. वडील गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते, ते वारले. कागद शोधताना पिशवीतून पत्रांचा गठ्ठा निघाला. मुंबईला गिरणीत गेलेल्या थोरल्या भावाला त्यांनी लिहिलेली पत्रे. चुलत्यांच्या पश्चात ती गावी परत आली होती. "वकीलसाहेब, ही लागत नसतील तर रद्दीत घालतो," तो म्हणाला. आम्ही ती ठेवून घेतली आणि रात्री वाचत बसलो.

'जयभीम दादा' अशी प्रत्येक पत्राची सुरुवात. पुढे रोजचेच. कपाटाला वाळवी लागली. एका पोराने परीक्षेचे पुस्तक दोन महिने परत केले नाही, पण तो तलाठी झाला म्हणून दंड माफ केला. अनुदान आले नाही, किराणा उधारीवर चालू आहे. २००५ च्या महापुरात बाबासाहेबांचे खंड डोक्यावरून शाळेच्या माडीवर नेले आणि घरातले जोंधळे भिजले, हे दोन्ही एकाच ओळीत! तक्रारीचा सूर कुठेच नाही. आम्हाला मात्र त्याचाच राग आला.

कारण हे कोल्हापूर आहे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली याच संस्थानाने केला. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ साली. पण कायद्याने ग्रंथपालाच्या पोटाचे काय केले? 'ड' वर्ग वाचनालयाचे वार्षिक अनुदान ३० हजार होते, २०२२ साली ६० टक्के वाढ होऊन ते ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये! शेतमजुराची हजेरी यापेक्षा बरी.

बाबासाहेबांना ग्रंथपालाची किंमत ठाऊक होती. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी प्रतीच्या छपाईचे काम सोपवले होते. ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा बाबासाहेब नव्हते. रेगे यांचे नाव निदान चरित्रकारांनी नोंदवले. गावोगावच्या ग्रंथपालांची नोंद कोण ठेवणार? आपण पुढाऱ्यांची भाषणे जपतो, अहवाल छापतो. पण आपल्या वस्तीतला पोरगा वाचायला कसा लागला, हे अहवालात सापडत नाही. ते या पत्रांत आहे.

कायद्याची एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा. मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. म्हणून पत्रे गोळा करताना वारसांची लेखी संमती घ्या. घरगुती भांडणे, कुणाचे आजारपण असेल तो मजकूर बाजूला ठेवा. विहारात एक लोखंडी पेटी पुरे, फक्त ती पुराच्या पाण्यापासून उंचावर हवी. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयाने अशा पत्रांसाठी एक कपाट द्यावे, ही मागणी आम्ही लेखी करणार आहोत.

त्या तरुणाला आम्ही दोन पत्रे वाचून दाखवली. तलाठ्याचे पत्र ऐकताना तो हसला, जोंधळ्याचे ऐकताना गप्प झाला. मग त्याने संमतिपत्रावर सही केली, पण २००५ चे ते पत्र मात्र तो आपल्याबरोबर घेऊन गेला.