रमजानच्या पाकिटानंतरचे अकरा महिने

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये मी एक चूक केली. सगळ्यांनी तिला नेकी म्हटलं, त्यामुळे ती चूक आहे हे कळायला मला वर्ष लागलं.

बोईसरला आमच्या घरामागच्या चाळीत एक कुटुंब राहतं. वडील तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर. मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. मुंबईला तपासणी झाली, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असल्याचं कळलं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, क्यूआर कोड टाकला, तेरा दिवसांत ४२,००० रुपये जमले. ईदच्या आधी पाकीट भाभींच्या हातात दिलं. ग्रुपवर ‘माशाल्लाह’चा पाऊस पडला आणि ग्रुप बंद झाला.

भाभी मुलाला घेऊन आठवड्यातून दोनदा डहाणू लोकलने बोरिवलीला जायच्या. पाऊण तासाच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जायचा. एका सेशनचे ८०० रुपये, वर रिक्षा आणि खाणं. सहा महिन्यांत पाकीट संपलं. त्या सहा महिन्यांत मुलगा एक गोष्ट शिकला होता: तहान लागली की आईचा हात धरून तो माठाकडे बोट दाखवायचा. थेरपी बंद झाली आणि काही महिन्यांत तो पुन्हा भिंतीवर डोकं आपटू लागला. भाभी मला म्हणाल्या, “भाईजान, सुरूच केलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला माहीत झालंय की तो शिकू शकतो.”

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. म्हणून आज जे लिहितोय ते दुसऱ्या कुणावर नाही, आधी माझ्यावर आणि मग आपल्या सगळ्यांवर आहे.

आपली दान करण्याची सगळी यंत्रणा एका दिवसाच्या भुकेसाठी बनलेली आहे. रेशन किट, कपडे, ऑपरेशनचा खर्च, मय्यतीचा खर्च. ही कामं गरजेची आहेत, पण ती एकदा करून संपतात. ऑटिझम संपत नाही. तो आजार नाही की औषधाने बरा व्हावा, आणि नजर नाही की ताबीजने उतरावी. मुलाच्या मेंदूची जडणघडण वेगळी असते. त्याला बोलणं, मागणं, थांबणं, कपडे घालणं, शाळेत बसणं हे वेगळ्या पद्धतीने आणि पुन:पुन्हा शिकवावं लागतं. लहान वयात सुरुवात झाली तर फायदा जास्त होतो. पण त्यासाठी दर आठवड्याला तोच शिक्षक, तीच खोली आणि तोच वेळ लागतो. अशा कामाला एकदाच दिलेलं पाकीट म्हणजे अर्ध्या नदीपर्यंत बांधलेला पूल.

आता हिशेब करू. पालघर ते बोईसर-तारापूर या पट्ट्यात मशिदींच्या कमिट्या आहेत, गणेश मंडळं आहेत, व्यापाऱ्यांच्या संघटना, कामगार युनियन, महिला बचत गट आहेत. समजा त्यांतल्या फक्त पंधरा जणांनी दरमहा प्रत्येकी ६,००० रुपये एका सामाईक निधीत टाकले. महिन्याचे झाले ९०,०००. त्यात एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट ३५,०००, एक विशेष शिक्षक २५,०००, कागदपत्रांचं काम बघणारी व्यक्ती १५,०००, खोलीचं भाडं १२,०००. साहित्याला ३,००० उरतात. दोघांनी रोज सहा-सहा सेशन घेतली तर २४ दिवसांत २८८ सेशन होतात. प्रत्येक मुलाला महिन्याला आठ मिळाली तर ३६ मुलं. एका सेशनचा खर्च पडतो साधारण ३१३ रुपये, आणि तोही बोईसरमध्ये. पगार दोन-पाच हजारांनी वरखाली होतील, गणित बदलत नाही. पंधरा जणांनी वेगवेगळे पंधरा फोटो काढले तर एकही थेरपिस्ट बोईसरला राहायला येणार नाही. एकत्र आले तर येईल, कारण तिला पगाराची खात्री लागते, आपल्या भावनांची नाही.

एकत्र पैसा उभा करणं ही काही नवी कल्पना नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावते आहे. वेगवेगळ्या कामांच्या संस्था त्या एकाच मैदानात उतरून निधी जमवतात आणि कुणाचा झेंडा लहान होत नाही. ऑटिझमच्या कामाचा इतिहासही पालकांनी एकमेकांना शोधण्याचाच आहे. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ या एका आईने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं. मुंबईत पालकांनीच ‘फोरम फॉर ऑटिझम’ उभा केला. तिथे कुणी आधी मोठी देणगी यायची वाट बघत बसलं नाही.

मी हे बोलायला लागलो की चार प्रश्न येतात.

पहिला: “सरकार काय करतंय?” प्रश्न बरोबर आहे, पण तो सरकारी टेबलापर्यंत नेणारं कुणी नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीच्या खर्चालाही त्यात काही जागा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कारखान्यांच्या शेजारच्या ग्रामपंचायतींत ही रक्कम कुठे जाते, हे आपल्यापैकी कितीजणांनी ग्रामसभेत विचारलंय? यूडीआयडी कार्डासाठी हेल्परचा तीन दिवसांचा रोज बुडतो, म्हणून कार्ड होत नाही. कार्ड नाही म्हणून काहीच मिळत नाही. वरच्या हिशेबातले १५,००० म्हणूनच पहिल्या दिवसापासून ठेवायचे आहेत. हक्काचा पैसा सरकारकडून मागायचा आणि तो मिळेपर्यंत मुलाला थांबवून ठेवायचं नाही.

दुसरा: “जकात अशी वापरता येते का?” सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि सुरुवात फकीर आणि मिस्कीनपासून आहे. हेल्परचं कुटुंब त्यात बसत नसेल तर कोण बसतं? जकात पात्र कुटुंबाच्या हाती द्या, त्यातून ते फी भरतील. पगार, भाडं, साहित्य यासाठी लिल्लाह आणि सदका वापरा. दोन खाती ठेवा. हे अवघड नाही. आपल्या भागातल्या आलिमांसोबत एक तास बसून नियम लिहून घ्या आणि भिंतीवर लावा.

तिसरा प्रश्न हळू आवाजात येतो: “आपल्या मुलांसाठी वेगळं सेंटर काढू ना.” एका बैठकीत मला विचारलं गेलं, ३६ मुलांत ‘आपली’ किती? दोस्तांनो, बोईसरच्या चाळींत एका भिंतीला वारली कुटुंब आहे, दुसरीला बिहारचं, तिसरीला आपलं. तिन्ही घरांतली आई रात्री त्याच आवाजाने उठते. शिवाय वेगळं सेंटर काढलं तर आपण पंधराचे पाच होऊ आणि गणित तिथेच संपेल. आपल्याला वेगळं पाडलं जातं अशी आपली तक्रार असते, ती खरीही आहे. मग जिथे दार उघडणं आपल्या हातात आहे तिथे ते आपणच का बंद करावं? सदका शेजाऱ्याचा धर्म विचारून द्यावा, असं मला माझ्या अम्मीने शिकवलेलं नाही.

चौथा: “हिशेब कोण ठेवणार?” हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. उत्तरही साधं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, वेगवेगळ्या संस्थांच्या तीन सह्यांशिवाय बँकेतून पैसा नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्च सगळ्यांसमोर. मुलांची नावं आणि फोटो कुठेही नाहीत. विश्वस्तांत निम्मे पालक, त्यातही आया. हिशेबाची शीट मी बनवून देतो. माझं इंजिनिअरिंग एवढ्यापुरतं तरी उपयोगी पडो.

आणखी एक गोष्ट, जी उशीर करणाऱ्यांसाठी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. तारापूरच्या धुरात आपण श्वास घेतो, तेव्हा तिथल्या कारखान्यांकडे हे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण बाहेरच्या संस्थेला हा निधी घ्यायचा असेल तर १२ए आणि ८०जी नोंदणी लागते आणि किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे आज सुरुवात केली तर तीन वर्षांनी आपण हात पसरून नाही, फाइल घेऊन जाऊ. मी तीन वर्षांपूर्वी पाकिटाऐवजी हे सुरू केलं असतं तर ती फाइल आज तयार असती.

पुढच्या रमजानमध्ये तुमच्या मोबाइलवर माझ्यासारख्या कुणाचा तरी क्यूआर कोड येईल. पैसे द्या, पण आधी एक प्रश्न विचारा: “शव्वालनंतर काय?” उत्तर नसेल तर तो ग्रुप बंद होऊ देऊ नका. शेजारच्या मंडळाला, युनियनला, बचत गटाला त्यात घ्या आणि दरमहाची रक्कम ठरवा.

तो मुलगा आता साडेसात वर्षांचा आहे. भाभी गल्लीत दिसल्या की मी सलाम करतो. त्या जवाब देतात, पण थांबत नाहीत.