सवाई आणि साडेनऊचं गेट

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण सवाईला गेलो. तीन मुलं, दोन मुली. सबमिशन्स डोक्यावर होती, खिशात खडखडाट होता, त्यामुळे तिकीट अर्थातच भारतीय बैठकीचं! हॉस्टेलची एक चादर, मेसमधून बांधून घेतलेल्या पोळ्या, आणि शेजारी मंकी कॅपवाले एक आजोबा. आम्ही चुकीच्या जागी 'वाह' म्हटलं की ते वळून बघायचे. गाण्यातलं आम्हाला फारसं कळत नाही. पण मुकुंदनगरच्या त्या मैदानात तंबोरे जुळू लागले की एवढी मोठी गर्दी गप्प होते, हे कळायला विशारद व्हावं लागत नाही.

शेवटच्या गायिकेचा विलंबित ख्याल सुरू झाला आणि माझी रूममेट कानात म्हणाली, "चल, साडेआठ झाले."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विलंबित म्हणजे पायाभरणी. एकेक स्वर सावकाश मांडत राग वर चढतो, मग द्रुत, मग तानांचा पाऊस. आम्ही दोघी पाया बघून रिक्षा शोधायला निघालो. स्लॅब मुलांनी पाहिला, कारण त्यांचं गेट अकराला बंद होतं (तेही कागदावर). सिव्हिलवाल्यांना तरी आमचं दुःख कळावं.

आता रेक्टर मॅडमची बाजू. "सवाई म्हणजे रात्रभर, जबाबदारी कोण घेणार?" मॅडम, ते सवाई आता राहिलंच नाही. पूर्वी रमणबागेत पहाटेपर्यंत गाणी चालायची. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे लाउडस्पीकर बंद केले. वर्षातल्या मोजक्या दिवशी फार तर बारापर्यंत खास परवानगी मिळते. मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग त्यात गेले, त्याची हळहळ जुनी मंडळी अजून करतात. आमच्यापुरतं बघायचं तर मैफल दहाला संपते. म्हणजे प्रश्न उरला दीड तासाचा!

आणि हा महोत्सव कोणाचा? पं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला. स्वतः भीमसेनजी अकराव्या वर्षी गाण्यासाठी घरातून पळाले होते. (पळून जायचा आमचा विचार नाही, काळजी नसावी.) त्याच गुरूंकडे गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने ये-जा करत शिकल्या. त्या काळात, बाईमाणूस असून. आणि आम्हाला मुकुंदनगरहून रिक्षाने परत यायला जमणार नाही?

मान्य, आमच्यातल्या काहींनी पूर्वी 'सवाई' लिहून लेट पास घेतला आणि त्या सिनेमाला गेल्या. एक तर इंटरव्हलला स्टाफपैकीच कोणाला तरी भेटली! त्याची शिक्षा त्यांना द्या, पुढच्या प्रत्येक बॅचला कशाला?

मागणी साधी आहे. महोत्सवाचे पाच दिवस मुलींना अकरापर्यंत लेट पास. परत आल्यावर तिकीट रजिस्टरला लावू, येताना एकत्र येऊ, घरून फोन हवा असेल तर तोही करवू. अर्ज लिहून झालाय, बत्तीस सह्या झाल्यात. मेसच्या काउंटरवर ठेवलाय, पेन दोऱ्याने बांधलंय. मुलांनीही सही केली तर चालेल.