सब्र फक्त तिनेच करायचा?

माझ्या खालाच्या मुलीला पाचव्या महिन्यात रक्ततपासणीत सिफिलिस निघाला. नवऱ्याला सहा महिने आधीच कळले होते, त्याची फाइल कपाटात सापडली. तरी सासूने विचारले, "तू कुठे गेली होतीस?" पुढे खुला झाला. आता ती भरपाई मागते आहे, तर जमातीतले बुजुर्ग म्हणतात, "बेटी, सब्र कर. नातं संपलं, मग दावा कसला?"

मी विचारतो, नातं संपल्याने इजा संपते का?

१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नवऱ्याला गंभीर गुप्तरोग असेल तर बायकोला तलाक मागता येतो. पण सुटका म्हणजे भरपाई नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आरोग्याला केलेली इजाही हिंसेत धरतो. औषधखर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई त्यात आहे. संसारात झालेल्या हिंसेची दाद तलाकनंतरही मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

शरीअतचे नाव पुढे करणाऱ्यांना एवढेच सांगतो: ऐब लपवून माल विकणे आपण गुनाह मानतो. मग रोग लपवून बायकोजवळ जाणे काय आहे?

आजारी पडणे गुनाह नाही. सिफिलिस पेनिसिलिनने बराही होतो. गुनाह आहे तो लपवण्याचा. म्हणून भगिनींनो, रिपोर्ट आणि केसपेपर फाडू नका. कोर्टात तेच बोलतील.