आचरेकर सरांचे दोन विद्यार्थी

३ डिसेंबर ही मुंबईचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांची जयंती. २०२४ मध्ये याच दिवशी शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. २०२५ मध्ये त्याहून मोठी आदरांजली सरांना जयंतीच्या महिनाभर आधीच मिळाली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला आणि कर्णधार हरमनप्रीत कौर मुख्य प्रशिक्षकांच्या पाया पडली. ते प्रशिक्षक, अमोल मुझुमदार, आचरेकरांच्या हाताखाली घडलेले. १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ११,१६७ धावा केल्या, पण भारताकडून खेळण्याची संधी एकदाही मिळाली नाही.

मुझुमदारांवर त्या विजयानंतर भरपूर लिहून आले आणि ते योग्यच झाले. सरांच्या जयंतीला मात्र त्यांचा आणखी एक विद्यार्थी आठवतो. जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा मुंबईचे प्रशिक्षक मुझुमदार होते आणि समोरच्या मध्य प्रदेशचे चंद्रकांत पंडित. पंडितही आचरेकरांचेच. त्याच्या तेवीस वर्षे आधी याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. २०२२ मध्ये त्यांनी त्याच राज्याला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. त्याआधी मुंबईला तो जिंकून दिला होता आणि विदर्भाला तर लागोपाठ दोनदा. देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्यांच्या तोडीचा प्रशिक्षक शोधूनही सापडणार नाही.

मग पंडित आयपीएलमधल्या कोलकाता नाइट रायडर्सकडे गेले. पहिल्या वर्षी संघ सातवा आला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, विजेतेपद मिळाले. त्यात मार्गदर्शक म्हणून परतलेल्या गौतम गंभीर यांचा वाटा मोठा मानला गेला. तिसऱ्या वर्षी संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडित बाजूला झाले. मधल्या काळात संघातून गेलेला एक परदेशी खेळाडू जाहीरपणे म्हणाला, की जगभर खेळून आलेल्या माणसाला कसे वागायचे आणि काय घालायचे हे कोणी सांगायला नको असते. विदर्भात आणि मध्य प्रदेशात जी शिस्त करंडक देऊन गेली, तीच इथे तक्रारीचा विषय झाली. माणूस तोच होता. समोर बसलेली माणसे बदलली होती.

प्रशिक्षकांविषयी आपली समजूत इथेच चुकते. चांगला प्रशिक्षक कुठेही चांगलाच, मोठ्या संघाचा तो अधिक चांगला आणि शाळा-कॉलेजचा त्याची पहिली पायरी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळी कामे आहेत. एकात माणूस घडवायचा असतो. दुसऱ्यात घडलेल्या माणसांकडून येत्या रविवारचा सामना जिंकून घ्यायचा असतो.

आचरेकरांची पद्धत आठवून पाहा. सचिन दमला की ते स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवत. त्याला बाद करील त्याला तो रुपया मिळे. कोणालाच जमले नाही तर सचिनला. शिवाजी पार्कवरचा एक सामना संपला की त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तिथे पुन्हा फलंदाजीला उभे करत. एकदा स्वतःचा सामना सोडून तो शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला, तेव्हा सरांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, तुझ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, असे बजावले. आज कोणत्याही मुलावर हात उगारू नये हे निर्विवाद. पण त्या थपडेमागचा अधिकार कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. आचरेकर स्वतः जेमतेम एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते, म्हणजे तो अधिकार नावलौकिकाचा नव्हता. तो रोजच्या हजेरीचा होता. पहाटे मैदानावर सर आधी पोचलेले असत, मुलाच्या घरच्यांना ओळखत असत आणि पुढच्या वर्षीही तिथेच असणार हे मुलाला ठाऊक असे.

व्यावसायिक संघात हा अधिकार कुणालाच मिळत नाही. २०२४ च्या हंगामासाठी कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख रुपयांना घेतले. अशा खेळाडूची किंमत लिलावात ठरते, तो दोन महिन्यांपुरता येतो आणि त्याचे तंत्र बदलायला वेळही नसतो आणि गरजही. संघ कोणता असावा हे मालक, लिलावाची मर्यादा आणि आकडेवारी सांभाळणारे ठरवतात. निकाल बिघडले की खेळाडूंआधी प्रशिक्षक जातो, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. शाळेच्या मैदानावर एखादा असामान्य मुलगा सामना एकट्याने उलटवतो. ६६४ ची भागीदारी तिथेच होते. वरच्या पातळीवर सगळेच निवडून आलेले, उन्नीस-बीसचाच फरक. तिथे प्रशिक्षकाचे काम म्हणजे योग्य माणसाला योग्य वेळी मैदानात उतरवणे आणि उरलेल्यांची मने सांभाळणे.

हे मुझुमदारांना नेमके उमगले होते असे दिसते. विश्वचषकात भारत लागोपाठ तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडविरुद्ध हातातला सामना चार धावांनी गेला, तेव्हा एरवी शांत असणारे मुझुमदार ड्रेसिंग रूममध्ये कडक बोलले. तो शांत माणसाचा राग होता, म्हणून तो लागला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ३३९ धावांचे लक्ष्य समोर असताना त्यांनी फळ्यावर इतकेच लिहिले, की अंतिम फेरी गाठायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. स्मृती मानधना किंवा जेमिमा रॉड्रिग्ज यांना फलंदाजी शिकवण्याची ती वेळ नव्हती. ती शिकवणारे वेगळे होते आणि फार पूर्वी, कुठल्या तरी छोट्या मैदानावर, शिकवून गेले होते.

अमेरिकेत ही गोष्ट आकड्यांत मांडलेली सापडते, कारण तिथे कॉलेजचे अमेरिकन फुटबॉल हे स्वतंत्र साम्राज्यच आहे. पुण्यात खराडीच्या आयटी पार्कमध्ये संध्याकाळी अमेरिकी सहकाऱ्यांशी कॉलवर बसणाऱ्या अनेकांनी निक सेबन हे नाव ऐकले असेल. कॉलेज पातळीवर त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. मधली दोन वर्षे ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे होते. तिथे १५ सामने जिंकले आणि १७ हरले. उलट दिशेचे उदाहरण अगदी ताजे आहे. बिल बेलिचिक यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा वेळा व्यावसायिक संघांची सुपर बोल जिंकली. २०२५ च्या हंगामात ते पहिल्यांदाच कॉलेजच्या संघाचे, नॉर्थ कॅरोलायनाचे, प्रशिक्षक होते आणि तो हंगाम ४ विजय, ८ पराभव असा संपला. दोन्हीकडचे सर्वोच्च विजेतेपद मिळवणारे मुख्य प्रशिक्षक आजवर तिघेच: जिमी जॉन्सन, बॅरी स्वित्झर आणि पीट कॅरोल. कॉलेजचा प्रशिक्षक मुलाच्या घरी जातो, आईवडिलांना शब्द देतो, हवे ते खेळाडू गोळा करतो. व्यावसायिक संघाला निवडीच्या क्रमाने आणि पगाराच्या मर्यादेत मिळतील तेच घ्यावे लागतात. ज्या गुणावर एकीकडे साम्राज्य उभे राहते, त्याला दुसरीकडे वावच नसतो.

दोन्ही कामे ज्यांना जमली, त्यांना ती दोन आहेत याचे भान होते. इंदूरमध्ये मराठी घरात जन्मलेले राहुल द्रविड १९ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक असताना त्यांचा आग्रह होता, की कोणत्याही मुलाने या वयोगटाचा विश्वचषक एकदाच खेळावा. अनुभवी मुले पुन्हा उतरवली असती तर जिंकणे सोपे झाले असते. तरी त्यांनी ते टाळले, कारण त्या पातळीवर करंडकापेक्षा अधिक मुलांना संधी मिळणे त्यांना मोलाचे वाटले. २०१८ मध्ये करंडकही आला. २०२४ मध्ये तेच द्रविड वरिष्ठ संघासोबत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकले. आणि २०२५ मध्ये राजस्थान रॉयल्सबरोबर नववे आले! यशाचा हा आलेख पाहून कोणी म्हणेल का, की द्रविड आता वाईट प्रशिक्षक झाले?

पुण्याने हे सगळे फुटबॉलमध्ये जवळून पाहिले आहे. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ ते २०१९ असा पाच हंगाम बालेवाडीत खेळला. तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक किती झाले? फ्रँको कोलोंबा, इंग्लंडकडून खेळलेले डेव्हिड प्लॅट, कोलकात्याला पहिली इंडियन सुपर लीग जिंकून देणारे अंतोनियो हबास, रँको पोपोविच, मिगेल पोर्तुगाल आणि फिल ब्राऊन. मधल्या काही सामन्यांना प्रद्युम रेड्डी. एकट्या पोपोविच यांच्या काळात संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. हबाससारख्या विजेत्यालाही इथे काही करता आले नाही. मग संघच बंद झाला. त्याआधीच्या पुणे एफसीचेही तेच झाले होते. पण त्या पुणे एफसीच्या अकादमीत मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन नावाचा मुलगा घडला आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताकडून खेळला. प्लॅट आणि हबास ही नावे पुणेकरांना आठवतात. आशिकला रोज सकाळी मैदानावर घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकांची नावे किती जणांना सांगता येतील?

आता खराडीकडे बघू. ईऑन आयटी पार्कच्या आजूबाजूला मोकळ्या प्लॉटवर जाळ्या लावलेली टर्फ उभी राहिली आहेत. संध्याकाळी सहाला दिवे लागले की आठ-नऊ वर्षांची मुले परदेशी क्लबांच्या जर्सी घालून येतात. त्यांच्या मोज्यांत काळे रबरी दाणे अडकलेले असतात. जाळीपलीकडे आईवडील, बरेचसे लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन थेट ऑफिसातून आलेले. मैदानावर एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा प्लास्टिकचे कोन मांडतो, एका लहानग्याच्या बुटाची नाडी बांधतो, दुसऱ्याला कडेला घेऊन चेंडू पायाच्या आतल्या बाजूने कसा थांबवायचा ते पुन्हा दाखवतो. महिन्याचे शुल्क भरभक्कम असते. त्यातला फार थोडा भाग या मुलापर्यंत पोचतो. चार पैसे जास्त मिळाले की तो पुढच्या टर्फवर जातो, आणि त्याला दोष देता येणार नाही. काही महिन्यांनी त्याच मुलांसमोर नवा कोणी उभा राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून नावे विचारतो.

फलकावर मात्र व्यावसायिक खेळाची भाषा असते. परदेशी क्लबचा अभ्यासक्रम, खेळाडूचे विश्लेषण, दर शनिवारी लीग सामने. नऊ वर्षांच्या मुलाला सामन्याच्या निकालावर जोखणे म्हणजे पेरलेले रोज उकरून बघण्यासारखे आहे. पालकही नकळत तेच विचारतात: किती गोल केलेस, सुरुवातीच्या संघात होतास का? व्यावसायिक संघात दर आठवड्याला हाच हिशेब होतो आणि तिथे तो व्हायलाही हवा. पण प्रशिक्षक बदलण्याची जी सवय पुणे सिटीला भोवली, ती पोरांच्या अकादमीत आणली तर घडायला कोण उरणार?

ही सीमारेषा आता पुसट होत चालली आहे, हे खरे. क्रिकेटपटू वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. अमेरिकेत जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. म्हणजे कोट्यवधींच्या कराराखाली सही करणारा मुलगा अजून शाळकरीच असेल. त्याला दोन्ही प्रकारची माणसे लागतील आणि ती क्वचितच एका देहात सापडतील. म्हणून तर पहिल्या प्रकारच्या माणसाची किंमत आत्ताच ओळखायला हवी.

महापालिकेचे पठारे स्टेडियम खराडीतच आहे. तिथे वस्तीतल्या आणि महापालिका शाळांतल्या मुलांसाठी कायम वेतनावर, दहा-दहा वर्षे टिकतील असे प्रशिक्षक नेमावेत, अशी आमची मागणी आहे. एका मोठ्या स्पर्धेच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ ठरेल. शाळांनी क्रीडाशिक्षकाला निवडणुकीच्या आणि इतर कामांना जुंपणे थांबवावे. आणि खराडीतल्या पालकांना एक विनंती: पुढच्या महिन्यात मुलाला अकादमीत घालाल तेव्हा कोणत्या क्लबशी करार आहे, हे नंतर विचारा. आधी प्रशिक्षकाचे नाव विचारा, तो इथे किती वर्षे आहे ते विचारा आणि त्याला पगार किती मिळतो, हेही विचारायला संकोचू नका.