कोणताच पक्ष आपला नाही. मग मत कोणाला?



निवडणूक जवळ आली की गावोगावच्या बैठकीत एकच सवाल येतो. "भाऊ, सगळेच चोर. मत द्यायचं कोणाला?" विचारणारा विचारतो आणि हसतो. आम्हाला त्या सवालापेक्षा त्या हसण्याची काळजी वाटते. आशा सोडलेला माणूस मत एक तर जातीला देतो, एक तर पाकिटाला, नाही तर मतदानाच्या दिवशी वावरात निघून जातो. या तिन्ही गोष्टी पुढाऱ्याच्या सोयीच्या आहेत.

सगळेच चोर, हे खरे आहे की नुसते बोलायचे म्हणून? आधी त्याचाच हिशेब मांडू.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्य काँग्रेसचे होते. सरकारशिवाय दुसऱ्या कोणाला कापूस विकायचा नाही, राज्याच्या सीमेपलीकडे न्यायचा नाही. पलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात चार पैसे जास्त मिळत असले तरी बंडी नाक्यावर अडणार. ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकारे हप्त्याहप्त्याने. १९९५ साली युतीचे राज्य आले. शेतकऱ्यांच्या नावाने मते मागून आले, पण एकाधिकार तसाच चालू राहिला.

दिल्लीचा हिशेब याहून वेगळा नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी केली. तेव्हा राज्य काँग्रेस आघाडीचे. पुढे भाजपचे राज्य आले. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्यांनी आयात होणाऱ्या कापसावर शुल्क लावले, सगळे मिळून ११ टक्के. कास्तकाराला वाटले, चला, कोणी तरी आपला विचार केला. पुढच्याच हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला आणि गिरण्यांनी ओरड केली. एप्रिल २०२२ मध्ये शुल्क काढले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पऱ्हाटीला पाते-फुले असताना, ते पुन्हा काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी होऊन माल बाजारात येईपर्यंत परदेशी गाठी बिनशुल्क येत राहिल्या. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो मिळवायचा तर आधी मोबाइलवर सीसीआयची नोंदणी करा, मग रांग लावा, मग ओलावा मोजा. १२ टक्क्यांच्या वर निघाला तर बंडी परत. घरी लग्न आणि दारात सावकार असलेला माणूस रांग लावत नाही, तो खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो.

एका पक्षाने माल बाहेर जायचा दरवाजा लावून घेतला, दुसऱ्याने आत यायचा दरवाजा उघडला. दोन्ही वेळा लुटले गेले ते आपलेच घर.

ज्वारीचे तर कोणी नावही घेत नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर झाला. जाहीर करायला काय लागते? केंद्र उघडून सरकारी काटा लागेपर्यंत गरजवंताची ज्वारी व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली असते.

कर्जमाफीतही कोणी कोणाला नावे ठेवू नयेत. २००८ ची केंद्राची माफी दोन हेक्टरच्या आतल्यांना पूर्ण मिळाली. पाण्याशिवाय सात-आठ एकर कसणारा आपला माणूस कागदावर 'मोठा शेतकरी' ठरला. त्याला सांगितले, तीन हिस्से भर, मग चौथा माफ. ज्याच्याकडे तीन हिस्से भरायला पैसे असते तो थकला कशाला असता? २०१७ ची माफी युती सरकारची, दीड लाखापर्यंत. २०१९ ची महाविकास आघाडीची, दोन लाखांपर्यंत. २०२४ च्या विधानसभेला दोन्ही बाजूंनी पुन्हा कर्जमाफीचे वचन दिले. महायुती निवडून आली आणि मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी सांगितले की ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरा.

तेव्हा सगळे सारखे, हे आम्हालाही मान्य आहे. पण सगळे सारखे म्हणून आपल्या मताला किंमत नाही, हे आम्हाला बिलकुल मान्य नाही.

बाजार समितीत आपण माल घेऊन जातो, तेव्हा व्यापारी पसंत करायला जातो काय? लिलावात उभे असलेले सगळेच आपला खिसा कापायला उभे असतात. तरी आपण चार रुपये जास्त बोलणाऱ्याला माल देतो, आणि सगळ्यांनी संगनमत केले तर बंडी दुसऱ्या बाजारात नेतो. सौदा करताना प्रेम शोधत नाही. मतदान केंद्रावर मात्र आपल्याला एकदम देवमाणूस पाहिजे असतो. तो मिळत नाही म्हणून आपण मालच फुकट टाकून देतो.

बहिष्काराचे घ्या. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून गाव बहिष्कार घालते. तहसीलदार येतो, पेपरात फोटो येतो. आपल्या कायद्यात किमान इतके मतदान झालेच पाहिजे अशी अट नाही. नऊशे मतांचे गाव घरी बसले तर उमेदवाराला जिंकायला तेवढी मते कमी लागतात, एवढेच होते.

नोटाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटन आले. ते दाबून माणसाला हलके वाटते. पण लोकसभेला आणि विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालोखाल असलेला उमेदवारच निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होते, सत्तावीस हजारांच्या वर मते. आमदार व्हायचा तो झालाच. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांच्या वर मते पडली आणि निवडून आलेला खासदार अकरा लाखांच्या फरकाने जिंकला. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली आदेश काढला, की नोटा पहिले आले तर फेरनिवडणूक घ्यायची. तिथे त्या बटनाला थोडे दात आहेत. बाकी ठिकाणी ते रिकाम्या बंदुकीसारखे आहे, आणि ती रिकामी आहे हे समोरच्याला पक्के ठाऊक असते.

मग काय करायचे? कांदावाल्यांकडे पाहा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. नाशिक-दिंडोरीचे मतदान २० मे २०२४ ला होते. बंदी उठली ४ मे ला, बरोबर सोळा दिवस आधी, आणि तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. कांदावाला विसरला नाही. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, नाशिकमध्येही चालू खासदार पडले. समोरचे उमेदवार काही कांद्याचे कैवारी म्हणून जन्मले नव्हते, त्यांच्या पक्षांनीही सत्तेत असताना कांदा रडवला आहे. पण पडलेल्या खासदाराची भीती उरलेल्यांना बसली. विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, ४० टक्क्यांचे शुल्क २० वर आले. एप्रिल २०२५ पासून तेही गेले.

आता आम्ही विचारतो, दिल्लीला कापूसवाल्याची अशी भीती का नाही? राज्यात कापसाखाली चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास जमीन असते, कांद्याच्या कितीतरी पट. पण आपली मते कोणत्या जातीची, कोणत्या नेत्याची, कोणत्या तांड्याची किती, याचा तक्ता पुढाऱ्याच्या डायरीत निवडणुकीआधीच तयार असतो. कापसाची मते असा रकानाच त्या डायरीत नाही.

तो रकाना उघडायचा रस्ता आम्हाला एकच दिसतो. जो सत्तेत असताना आपला भाव पाडला गेला, त्या पक्षाचा उमेदवार पाडायचा, आणि त्याला पाडू शकणाऱ्या सर्वांत जोरदार उमेदवाराला सगळ्या गावाने मत द्यायचे. तो आवडतो म्हणून नव्हे. पुढच्या पाच वर्षांत त्यानेही तेच केले तर त्यालाही पाडायचे. ज्या चालू आमदार-खासदाराने आपल्या पक्षाविरुद्ध जाऊन कापसाच्या भावासाठी उघड भूमिका घेतली असेल, त्याला यातून वगळा. पण भूमिका म्हणजे सभागृहात बोललेले आणि कागदावर लिहिलेले. धाब्यावर खाजगीत "मी तुमच्यासोबतच आहे" म्हणाला ते धरू नका.

काही जण म्हणतील, याने फक्त गडी बदलतो, धनी तोच राहतो. बरोबर आहे. पण आपला गडी उद्या काढला जाईल हे धन्याला कळले की त्याची चाल बदलते, हे कांद्याने दाखवले. दुसरे म्हणतील, आपलाच उमेदवार उभा करा. शेतकरी आंदोलनाने १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढून तोही रस्ता चालून पाहिला. मैदान भरून टाकणारा माणूस केंद्रात गेल्यावर जातीचा होतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. विधानसभेला १० हजार आणि लोकसभेला २५ हजार अनामत आहे, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर ती जाते. एकटा-दुकटा उभा राहून मते फोडण्यापेक्षा नांदेडच्या सीमेपलीकडचे निजामाबाद पाहा. तिथे २०१९ च्या लोकसभेला १८५ उमेदवार होते, त्यातले पावणेदोनशेच्या आसपास हळद आणि लाल ज्वारीचे शेतकरी. मतदानाला एकेका केंद्रावर बारा-बारा यंत्रे जोडावी लागली. मुख्यमंत्र्यांची मुलगी, चालू खासदार, सत्तर हजारांच्या फरकाने पडली. निवडून आलेल्याने हळद मंडळ आणण्याचे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले होते. मंडळाची घोषणा झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुन्हा निवडणूक समोर आल्यावर, आणि ते सुरू झाले जानेवारी २०२५ मध्ये. पावणेसहा वर्षे लागली. लाल ज्वारीवाले त्यात मागेच राहिले, हेही ध्यानात ठेवा.

गावाने मिळून मत देण्याचा एक फायदा फार लोकांना माहीत नाही. मत गुप्त असते, पण मोजणी केंद्रनिहाय होते आणि ते आकडे जाहीर होतात. निकालानंतर पुढारी पहिल्यांदा तेच वाचतो. आजवर या आकड्यांची आपल्याला भीती घातली गेली, की तुमच्या गावाने किती दिली ते आम्हाला कळते, मग सडक कशी मिळते ते पाहतो. दहा गावांचे आकडे एकदम फिरले तर भीती कोणाला वाटेल? पाकीट वाटायला येतील, दोन दिवस आधी, रात्री. घरातल्या बाईला विचारून ठरवा. वेचणीची मजुरी आणि किराण्याची उधारी तिच्या तोंडपाठ असते, तिला पाकिटात किती दिवस निघतात ते कळते.

आता सवाल कोणाला कोणता करायचा, यात गल्लत करू नका. आयात शुल्क आणि निर्यातबंदी दिल्लीत ठरते. ते खासदारकीच्या उमेदवाराला विचारा आणि उत्तर लेखी मागा. आमदारकीच्या उमेदवाराला कर्ज, दिवसाची वीज, पीकविम्याचे दावे आणि ज्वारी-कापसाची खरेदी केंद्रे दिवाळीआधी उघडणार काय, हे विचारा. जिल्हा परिषदवाल्याला पांदण रस्ता विचारा. जो तुमच्या सवालाला धर्माचे किंवा जातीचे उत्तर देईल, त्याच्यापुढे "उत्तर नाही" असे लिहा.

प्रत्येक गावाने हे सवाल एका कागदावर लिहून उमेदवारांच्या सह्या घ्याव्यात. सही नाकारली तर तारीख आणि साक्षीदारांची नावे टाकावीत. सोबत आपल्या केंद्राचे मागच्या दोन निवडणुकांचे आकडे तहसीलमधून उतरवून आणावेत. हे कागद जिल्हा बैठकीत गाववार वाचले जातील. कोणाला पाडायचे आणि कोणाच्या हाताने, ते त्या कागदांवरून त्याच बैठकीत ठरेल. कागद न आणणाऱ्या गावाने त्या चर्चेत बोलू नये, एवढा नियम आम्ही ठेवला आहे.