जाहीर आवाहन : दिवा विझवू नका, हवा भरा

समृद्धी महामार्गाने जाणारे मोटारमालक, चालक आणि टायर-पंक्चरचे दुकानदार यांस,



नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, वाटेत सिग्नल नाही, गाव नाही, आणि वर विदर्भ-मराठवाड्याचे ऊन. जुन्या रस्त्यांवर गतिरोधक आणि बाजारपेठा टायरला अधूनमधून निवू देत. इथे ती सवड नाही. सुट्ट्यांची गर्दी सुरू होण्याआधी म्हणूनच हे आवाहन.

‘उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल,’ हा सल्ला हवा भरण्याच्या ठिकाणी सर्रास ऐकू येतो. कृपया तो मानू नका. उष्णतेने टायरमधला दाब वाढतो हे खरे. दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय. पण ही वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. खरा धोका कमी हवेचा आहे. ताशी १२०च्या वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बगल जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवत राहिले की ती गरम होते, तसेच हे रबर आतून तापते. मग आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. फुटण्याचा दोष आपण उन्हाला देतो. पण बऱ्याचदा सुरुवात कमी हवेने झालेली असते.

अमेरिकेने याची मोठी किंमत मोजली. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचे थर उन्हाळ्यात, वेगात असताना सुटत आणि गाड्या उलटत. अडीचशेहून अधिक लोक दगावले आणि ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोनला लाखो टायर परत मागवावे लागले. टायरांतल्या दोषांइतकीच चर्चा झाली ती फोर्डने या गाडीसाठी सुचवलेल्या अवघ्या २६ पीएसआय दाबाची. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या डॅशबोर्डावर घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला जो पिवळा दिवा लागतो, तो त्याच यंत्रणेचा.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात, व्हॉल्वच्या मुळाशी, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. त्याची बॅटरी आतच बंद केलेली असते; साधारण पाच ते दहा वर्षांत ती संपली की बहुधा अख्खा सेन्सर बदलावा लागतो. अशा गाड्यांत बहुतेक वेळा प्रत्येक टायरचा आकडा दिसतो.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. एबीएस ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजला जातो, त्यावरूनच अंदाज बांधला जातो. हवा उतरलेले चाक किंचित लहान होते, म्हणून तेवढेच अंतर कापायला जास्त फेरे घेते. हा फरक गाडी ओळखते. पण चारही टायरांची हवा महिन्याभरात सारखीच उतरली, तर तुलना कशाशी करणार? साध्या यंत्रणेला ते उमगतच नाही.

या प्रकारात रिसेटची सोय असते आणि घात तिथेच होतो. दिवा लागला की काहीजण हवा न भरता रिसेट करून मोकळे होतात. रिसेट म्हणजे गाडीला ‘आत्ता आहे तोच दाब बरोबर’ असे शिकवणे. दिवा विझतो, टायर मात्र बसकाच राहतो.

दिवा लागतो तोही उशिरा. अमेरिकी नियमानुसार दाब २५ टक्के घटला की इशारा मिळालाच पाहिजे; म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरला पंचविशीपर्यंत शांतता असू शकते. टायर किती झिजला, किती जुना झाला, बगलेला फुगवटा आला आहे का, हे तर तो कधीच सांगत नाही. भारतात २०२०च्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. ज्यांच्या गाडीत स्टेपनी नाही, त्यांनी तर या दिव्याची अधिकच कदर करावी.

आमची विनंती अशी :

१. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. गाडी निदान तीन तास उभी असताना, टायर थंड असताना. स्टेपनीही तपासा.

२. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या बगलेवरचा आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. माणसे आणि सामान भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

३. वाटेत तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला तर हवा सोडू नका.

४. दिवा लागला तर करकचून ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा, सुरक्षित जागी थांबा, टायर पाहा. आधी हवा, मग लागलाच तर रिसेट.

५. गाडी सुरू करताना दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेतच असतो. दुरुस्त होईपर्यंत गेज हातात घ्या.

६. गाडीत ही यंत्रणा नसेल तर निदान एक गेज घ्या. व्हॉल्ववर बसणारे बाहेरचे सेन्सरही मिळतात. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर-पंक्चरच्या दुकानदार बांधवांना वेगळे सांगणे. टायर रिमवरून उतरवण्याआधी सेन्सर आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारा. व्हॉल्वजवळ पहार घालू नका. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये साधी पितळी पिन घालू नका. ती गंजून आत धरते, मग व्हॉल्वच तुटतो. आणि ‘किती टाकू?’ असे विचारण्याऐवजी दार उघडून स्टिकर वाचा. तुमच्या या एका सवयीने रोज कित्येक गाड्या योग्य हवेवर रस्त्याला लागतील.

हवा तपासायला पाच मिनिटे लागतात. या सुट्टीत समृद्धीवर चढण्याआधी ती काढा, आणि शेजारी गावी निघाला असेल तर त्यालाही आठवण करा.

आपले,
महामार्गालगतच्या गावांतील गॅरेजवाले व टायर कारागीर