'सकाळी बघू' म्हणणाऱ्यांस

"लकवा मारला की मारला. मोठ्या हॉस्पिटलात धावून काय मिळतं? बिल!" परवा एका लग्नघरी एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी हे ऐकवलं आणि चार माना डोलल्या. त्यांचं म्हणणं एवढंच: गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन घातक, वर महाग, त्यापेक्षा माणसाला घरी निजवावं, सकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवावं.

इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. होतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकन चाचणीवर हा उपचार उभा राहिला, तिच्यातच 100 पैकी सुमारे 6 जणांना तो झाल्याची नोंद आहे. कोणी लपवलेली नाही. पण त्याच चाचणीत 3 तासांच्या आत औषध मिळालेले रुग्ण 3 महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि रक्तस्राव धरूनही मृत्यू वाढले नाहीत. हे ते सांगत नाहीत. अर्धं वाचून लोकांना भीती घालणं ही सावधगिरी नव्हे. अहो, रक्तस्रावाच्या धास्तीनंच तर आधी सीटी स्कॅन करतात! लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. रक्तदाब 185/110 च्या वर असेल तर आधी उतरवतात, साखर बघतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का विचारतात. हृदयविकारात गुठळी विरघळवू लागले तेव्हाही रक्तस्रावाचीच भीती होती. आज छातीत कळ आली तर हेच गृहस्थ सकाळची वाट बघतील का?

महाग आहे, खरं. मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दहा वर्षंही मोजा, त्याच्यासाठी नोकरी सोडणारी सूनही मोजा. कबुतराच्या रक्तानं मालिश करणाऱ्यांशी तर वादच नको.

इंजेक्शनाची मुदत साडेचार तास. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही. हिमाचलात जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर फोनवर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन हेच इंजेक्शन देतात, तेही सरकारी खर्चानं. आपल्या जिल्ह्यांतही ते झालंच पाहिजे.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर पाणी पाजू नका, गोळी देऊ नका. 108 ला फोन करा, आणि माणूस शेवटचा धड किती वाजता होता ते डॉक्टरांना सांगा.